पैसा पोचला, माणूस पोचेल का? अमेरिकेच्या गुंतवणूकदार-व्हिसाविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत भांडवल गुंतवून तिथे धंदा करण्याची किंवा स्थायिक होण्याची इच्छा असलेल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी ऑनलाइन अर्ज करून अमेरिकेत एलएलसी (मर्यादित दायित्वाची) कंपनी नोंदवली आहे. तिचा करक्रमांकही मिळाला आहे. कंपनी माझ्याच मालकीची असल्याने बिझनेस व्हिसा काढून तिथे जाऊन ती चालवता येईल ना?

नाही. या विषयातील सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेत कंपनीची मालकी घेण्यासाठी तिथला नागरिक किंवा रहिवासी असण्याची अट नाही; परदेशात बसून एलएलसी नोंदवता येते, साधी कॉर्पोरेशनही काढता येते. (एस-कॉर्पोरेशन हा करसवलतीचा प्रकार मात्र अनिवासी परकीय भागधारकाला मिळत नाही, आणि हे बऱ्याच जणांना कंपनी काढून झाल्यावर कळते.) परंतु मालकीचा हक्क कंपनी-कायद्यातून मिळतो आणि त्या देशात राहून काम करण्याचा हक्क इमिग्रेशनच्या कायद्यातून मिळतो. या दोन कायद्यांचा एकमेकांशी संबंध नाही. शंभर टक्के मालक असूनही स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याची परवानगी नसणे, ही तिथली अगदी नेहमीची कायदेशीर स्थिती आहे.

ज्याला आपण सरसकट बिझनेस व्हिसा म्हणतो, तो म्हणजे बी-१. या व्हिसावर वाटाघाटी करता येतात, करारांवर सह्या करता येतात, परिषदांना हजर राहता येते, जागा पाहता येते आणि गुंतवणुकीच्या संधींची चाचपणी करता येते. मात्र धंद्याचे प्रत्यक्ष व्यवस्थापन किंवा उत्पादक स्वरूपाचे काम करता येत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक खेपेला किती दिवस राहता येईल, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. व्हिसावरची तारीख आणि आय-९४ वरची तारीख यांत गल्लत करून मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्या माणसाचा पुढचा प्रत्येक अर्ज अवघड होऊन बसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बी-१ च्या अर्जदाराचा हेतू तिथे स्थायिक होण्याचा आहे, असे कायदा आधीच गृहीत धरतो, आणि तसे नसल्याचे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. त्यामुळे मुलाखतीत ‘माझी तिथे कंपनी आहे’ हे वाक्य आपल्या बाजूने जाण्याऐवजी विरुद्ध जाण्याचा संभव अधिक असतो. ती कंपनी रोज कोण चालवते, हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. त्याचे खरे आणि कागदांनी सिद्ध होणारे उत्तर तयार नसेल, तर अर्ज करण्याची घाई करू नये.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या एका श्रीलंकन व्यापाऱ्याने तुलनेने थोडी रक्कम गुंतवून ई-२ व्हिसा मिळवला. मला तोच हवा आहे. एक सल्लागार म्हणतो की आधी ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचे नागरिकत्व विकत घेतले, तर मलाही ई-२ मिळेल. हे खरे आहे का?

ई-२ हा गुंतवणूकदारासाठी खरोखरच सोयीचा व्हिसा आहे. त्याला कायद्याने किमान रक्कम ठरवून दिलेली नाही. गुंतवणूक ‘भरीव’ असावी एवढीच अट आहे, आणि ती भरीव आहे की नाही हे धंद्याच्या एकूण खर्चाच्या प्रमाणात पाहिले जाते. धंदा लहान असेल तर जवळपास सगळे भांडवल स्वतःचे असावे लागते; मोठा असेल तर कमी प्रमाण चालते. पैसा धंद्यात खरोखर गुंतलेला आणि बुडण्याची शक्यता असलेला हवा; बँकेत नुसता ठेवलेला चालत नाही. शिवाय त्या धंद्यातून केवळ मालकाच्या कुटुंबाचे पोट भरण्यापलीकडे काहीतरी उभे राहण्याची क्षमता दिसली पाहिजे.

पण हा व्हिसा करारावर आधारलेला आहे. अमेरिकेचा ज्या देशांशी तसा करार आहे, त्यांच्याच नागरिकांना तो मिळतो. श्रीलंका, बांगलादेश आणि पाकिस्तान त्या यादीत आहेत. भारत नाही, चीनही नाही. त्यामुळे भारतीय पारपत्रावर रक्कम कितीही मोठी असली, तरी हा मार्ग बंद आहे.

ग्रेनाडाचा मार्ग पूर्वी चालत असे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली, आणि तेव्हापासून ज्याने गुंतवणुकीच्या बदल्यात करारदेशाचे नागरिकत्व मिळवले असेल आणि ज्याला पूर्वी कधी या प्रवर्गाचा दर्जा मिळाला नसेल, त्याने अर्जापूर्वी त्या देशात सलग किमान तीन वर्षे अधिवास केलेला असावा लागतो. म्हणजे पारपत्र विकत घेऊन लगेच अर्ज करता येत नाही. आधी त्या बेटावर संसार मांडावा लागतो. आपल्या सल्लागाराने या तीन वर्षांचा उल्लेख केला नसेल, तर एकतर त्याचे ज्ञान जुने आहे किंवा त्याची दलाली नवी आहे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय व्यक्तीने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की तिचे भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. अमेरिकेच्या एका तात्पुरत्या व्हिसासाठी एवढी किंमत मोजावी का, हे आपण ठरवायचे. माझ्या मते मोजू नये. आपला पती किंवा पत्नी जन्मानेच एखाद्या करारदेशाची नागरिक असेल, तर मात्र चित्र वेगळे आहे. गुंतवणूकदार म्हणून त्यांनी अर्ज करावा. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराला भारतीय पारपत्रावरही येता येते आणि तिथे नोकरीही करता येते.

प्रश्न : आमचा येथे सुट्या भागांचा कारखाना असून पंचवीस कामगार आहेत. अमेरिकेत विक्रीचे कार्यालय उघडायचे आहे. आम्हालाही गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या ईबी-५ मध्येच जावे लागेल का?

आपल्यासारख्यांनी आधी एल-१ए पाहावा. चालू धंद्याच्या मालकाला तो बहुधा अधिक योग्य असतो, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात प्रकल्प विकणाऱ्याला दलाली मिळत नाही.

हा व्हिसा कंपनीच्या अंतर्गत बदलीचा आहे. अमेरिकेतील कंपनी ही येथील कंपनीची शाखा, उपकंपनी किंवा समान मालकीची सहयोगी कंपनी असावी. बदली होणाऱ्या व्यक्तीने गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष येथील कंपनीत काम केलेले असावे. आणि तिचे काम येथेही आणि तिथेही कार्यकारी किंवा व्यवस्थापकीय स्वरूपाचे असावे. नवे कार्यालय असेल तर सुरुवातीला एकच वर्ष मिळते. अर्जाच्या वेळी जागा भाड्याने घेतलेली असावी लागते आणि वर्षभरात हे कार्यालय व्यवस्थापकाचे पद पेलण्याइतके वाढेल, हे पटवून द्यावे लागते. मुदतवाढी धरून एकूण सात वर्षे राहता येते. गुंतवणुकीची किमान रक्कम ठरलेली नाही.

अडचण पहिल्या वर्षाच्या शेवटी येते. मुदतवाढ मागताना अधिकारी विचारतो की हा व्यवस्थापक नेमके कोणाचे व्यवस्थापन करतो. मालक स्वतःच फोन घेतो, स्वतःच माल पाठवतो आणि स्वतःच बिले करतो, असे दिसले तर अर्ज फेटाळला जातो, मग विक्री कितीही चांगली असो. त्यामुळे त्या वर्षात दोन-चार माणसे पगारावर नेमणे ही विक्रीइतकीच महत्त्वाची गोष्ट समजावी. येथील कारखानाही चालू राहिला पाहिजे. तो बंद करून सगळे तिकडे नेले, तर बदलीचा आधारच उरत नाही. स्थायिक होण्याची इच्छा असणे हे एल-१ मध्ये आडवे येत नाही, आणि अमेरिकेतील कंपनीने वर्षभर व्यवहार केल्यानंतर व्यवस्थापकांसाठीच्या ईबी-१ प्रवर्गातून ग्रीन कार्डाचा अर्जही करता येतो. एल-१ वर आलेल्याच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते.

प्रश्न : ईबी-५ म्हणजे नक्की काय? एका परिसंवादात आठ लाख डॉलर सांगितले, एका जुन्या माहितीपत्रकात पाच लाख लिहिले आहेत. पैसे परत मिळण्याची हमी असते का?

पाच लाखांचा आकडा जुना आहे. ईबी-५ हा प्रवर्ग १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने निर्माण झाला आणि तीन दशके त्याची रक्कम दहा लाख, तर मागास भागांसाठी पाच लाख डॉलर अशी होती. १५ मार्च २०२२ रोजी झालेल्या सुधारणा कायद्यानंतर ती १० लाख ५० हजार डॉलर झाली. ग्रामीण भाग, जास्त बेरोजगारीचा भाग किंवा सार्वजनिक पायाभूत प्रकल्प असेल तर ८ लाख डॉलर. महागाईनुसार या रकमांत वाढ करण्याची तरतूदही त्याच कायद्यात असून पहिली वाढ १ जानेवारी २०२७ पासूनची आहे.

प्रत्येक गुंतवणूकदारामागे किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास, आणि त्यात गुंतवणूकदाराचे स्वतःचे कुटुंबीय धरले जात नाहीत. स्वतः धंदा काढला तर दहा माणसे प्रत्यक्ष पगारावर दाखवावी लागतात. म्हणूनच बहुतेक लोक रिजनल सेंटर नावाच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एखाद्या मोठ्या प्रकल्पात पैसे घालतात. तिथे आर्थिक गणितातून काढलेल्या अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजता येतात. अर्ज मंजूर होऊन पाळी आली की दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. ती दोन वर्षे संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत आय-८२९ अर्ज करून अटी उठवून घ्यायच्या असतात.

परतीच्या हमीबद्दल आपण विचारले, ते बरे केले. हमी असूच शकत नाही. पैसा धोक्यात असणे ही कायद्याचीच अट आहे, त्यामुळे मुद्दल परत देण्याची लेखी हमी देणारा करार आपला अर्जच बुडवू शकतो. जो विक्रेता ‘हमी आहे’ म्हणतो, तो एकतर खोटे बोलतो किंवा आपला अर्ज नाकारला जाईल याची व्यवस्था करतो. व्हरमाँट राज्यातील जे पीक या स्कीइंगच्या रिसॉर्टाचे प्रकरण या क्षेत्रातील सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा भलतीकडे वळवल्याचा आरोप ठेवून एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी रोखे आयोगाने तेथील प्रवर्तकांवर खटला भरला, आणि पुढे त्यांना फौजदारी प्रकरणात तुरुंगवासही झाला. २०२२ च्या कायद्यातील बरीच कडक कलमे अशा प्रकरणांमुळे आली आहेत.

त्या कलमांचा आपण उपयोग करून घ्यावा. रिजनल सेंटरला प्रत्येक प्रकल्पासाठी आधी आय-९५६एफ हा अर्ज भरावा लागतो. तो भरल्याची पावती आणि मंजूर झाला असल्यास मंजुरी मागावी. गुंतवणूकदारांच्या खात्यावर स्वतंत्र निधी-प्रशासक आहे की वार्षिक लेखापरीक्षण आहे, हे विचारावे. विक्री करणाऱ्या मध्यस्थाला किती मोबदला मिळतो, हे लेखी उघड करणे आता बंधनकारक आहे, तेव्हा तो कागद पाहिल्याशिवाय सही करू नये. प्रकल्पाचे बांधकाम सुरू आहे का, बँकेचे कर्ज आधी फिटणार आणि आपला पैसा नंतर, असा क्रम आहे का, आणि दहा नोकऱ्यांच्या गरजेपेक्षा किती जास्त नोकऱ्या गणितात धरल्या आहेत, हे तीन प्रश्न मला परताव्याच्या टक्क्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात. कायद्यानुसार गुंतवणूक किमान दोन वर्षे टिकावी लागते, पण प्रकल्पाचा करार पाच-सहा वर्षांचाही असू शकतो. आपल्याला बांधून ठेवणारी मुदत करारातली असते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलोपार्जित जमीन विकून आलेली रक्कम आहे. ती बँकेत आहे, मग आणखी कोणते पुरावे लागतील? आणि एवढी रक्कम बाहेर पाठवता येते का?

रक्कम बँकेत आहे, हा पुरावा रकमेचा झाला, उगमाचा नाही. ईबी-५ चे अर्ज ज्या ठिकाणी सर्वाधिक अडतात, ती ही जागा. जमीन कोणाच्या नावावर होती, आपल्याकडे वारशाने कशी आली, कोणाला किती रुपयांना विकली, ते पैसे कोणत्या खात्यात जमा झाले आणि तेथून पुढे कोठे गेले, ही साखळी एकही दुवा न तुटता दाखवावी लागते. सातबारा उतारा, वारसनोंदीचा फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत, भावंडांचा हिस्सा असेल तर वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे हे सगळे प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह जोडावे लागते. सात वर्षांची करविषयक कागदपत्रे मागण्याची तरतूद कायद्यात आहे. रिजनल सेंटरला जे प्रशासकीय शुल्क वेगळे द्यावे लागते, त्याचाही उगम दाखवावा लागतो, आणि हे बरेच जण विसरतात.

खरेदीखतावर एक किंमत आणि हातात दुसरी, असा व्यवहार झाला असेल, तर रोखीने आलेला भाग या कामासाठी नसल्यात जमा समजावा. तो पुढे कोणाच्या तरी खात्यातून फिरवून आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर ते ऐकू नये. त्याने अर्ज तर जाईलच, शिवाय भारतातही नको त्या नोटिसा येतील.

आता पाठवण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. मार्चअखेरीस एक हप्ता आणि एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा असे केले, तर काही दिवसांत दोन वर्षांची मर्यादा वापरता येते, पण एकट्याचे आठ लाख त्यातही होत नाहीत. घरातील इतरांच्या मर्यादा एकत्र करून भागवू, हा विचार सर्वांच्या मनात येतो. भांडवली व्यवहारात मात्र ते लोक त्या गुंतवणुकीचे सहमालक नसतील, तर अशी बेरीज चालत नाही. आणि एका निवासी व्यक्तीने दुसऱ्या निवासी व्यक्तीच्या परदेशातील खात्यात परकीय चलनात भेट जमा करणेही या योजनेत बसत नाही. त्यामुळे प्रकल्प निवडण्याच्या आधी बँकेच्या परकीय चलन विभागाशी आणि आपल्या सीएशी बसून हप्त्यांचा आराखडा तयार करावा. अनेक प्रकल्प टप्प्याटप्प्याने रक्कम स्वीकारतात, पण अर्जाच्या वेळी ती सगळी भरलेली असणे अधिक सुरक्षित. शिवाय वर्षात १० लाख रुपयांच्या पुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (उगमस्थानी घेतला जाणारा कर) गोळा करते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण मधल्या काळात तेवढे पैसे अडकून राहतात, हे हिशेबात धरावे.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा असून अमेरिकेत शिकतो. आम्ही अर्ज केला तर त्यालाही ग्रीन कार्ड मिळेल ना?

मिळू शकेल, पण वय हा धोका आहे. अवलंबून असलेले मूल अविवाहित आणि एकवीस वर्षांखालचे असावे लागते. अर्ज जितके दिवस विचाराधीन असतो, तेवढे दिवस त्याच्या वयातून वजा केले जातात. मात्र मंजुरीनंतर पाळीची वाट पाहण्यात गेलेला काळ वजा होत नाही. ही पाळी देशवार ठरते. कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, आणि ईबी-५ च्या अनारक्षित कोट्यात भारतीयांची रांग लागलेली आहे. २०२२ च्या कायद्याने ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के, जास्त बेरोजगारीच्या भागासाठी १० टक्के आणि पायाभूत प्रकल्पांसाठी २ टक्के व्हिसा राखून ठेवले. मुलाचे वय घड्याळ लावून पाहावे लागत असेल, तर ग्रामीण प्रकल्पाचा विचार प्रथम करावा. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघते, ते स्वतः वाचावे. रांगेची स्थिती एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

दुसरा मार्ग असा की मुख्य अर्जदार मुलालाच करावे. भेट म्हणून मिळालेला पैसा ईबी-५ मध्ये चालतो, फक्त तो देणाऱ्याच्या उगमाचे सगळे पुरावे लागतात. शिक्षणासाठी परदेशी असलेला मुलगा फेमा या परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, त्यामुळे आई आणि वडील दोघेही आपापल्या मर्यादेत त्याला रक्कम भेट देऊ शकतात आणि मागील उत्तरातील बरीचशी अडचण सुटते. तो अमेरिकेत असल्याने, त्या प्रवर्गात रांग नसेल तर, तिथूनच ग्रीन कार्डाचा अर्जही सोबत भरू शकतो. अर्थात मग कार्ड त्याला मिळते, आपल्याला नाही.

प्रश्न : तिथे घर विकत घेतले तर व्हिसा मिळतो का? आणि नव्या ‘गोल्ड कार्ड’चे काय?

घर घेतल्याने अमेरिकेत कोणताही व्हिसा मिळत नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने जाहीर झालेले गोल्ड कार्ड ही गुंतवणूक नव्हे. त्यात दहा लाख डॉलर सरकारला भेट द्यायचे असतात, ते परत येत नाहीत, आणि त्याचे अर्ज ईबी-१ व ईबी-२ या नोकरी-कौशल्यावर आधारलेल्या ग्रीन कार्ड प्रवर्गांतूनच जात असल्याने भारतीयांसाठी त्या प्रवर्गांची रांग चुकत नाही.

प्रश्न : ग्रीन कार्ड मिळाल्यावर येथील उत्पन्नाचे काय?

ग्रीन कार्डधारकाच्या जगभरातील उत्पन्नावर अमेरिका कर आकारते. येथील भाडे, व्याज, शेअर आणि कारखान्यातील नफा हे सगळे तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. दोन्ही देशांतील करारामुळे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण नोंद चुकत नाही. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे वेगळे विवरण भरावे लागते. भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथे फार जाचक पद्धतीने कर लागतो, तेव्हा ते ठेवायचे की मोडायचे, हा निर्णय कार्ड हातात पडण्यापूर्वी, येथील निवासी असतानाच घ्यावा.